म्हणींची वही आणि अर्धा बँड

बाई,
मी मिरजेत एका खाजगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. वय २७. दहावीपर्यंत जत तालुक्यातल्या आमच्या गावी मराठी शाळेत शिकले, पुढे जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा केला. इंग्लंडला नर्स म्हणून जायचं आहे. त्यासाठी लागणारी आयल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा दोनदा दिली. तिच्यात गुणांना बँड म्हणतात. लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग तिन्हीत ७ आहेत, रायटिंगला दोन्ही वेळा ६. तिकडच्या नर्सिंग कौन्सिलला रायटिंगमध्ये ६.५ लागतात. क्लासच्या सरांनी इडियम्सची, म्हणजे इंग्रजी म्हणी-वाक्प्रचारांची, वही दिली आहे, तीत ३०० इडियम्स आहेत. प्रत्येक निबंधात निदान सहा तरी आल्या पाहिजेत, परीक्षकावर छाप पडते, असं ते सांगतात. गेले तीन महिने नाइट ड्युटीत पाठ करते आहे. १४० झाल्या. पण लिहायला बसलं की वाक्य अवघडल्यासारखं होतं. वडिलांनी दोन वेळा फी भरली, तिसऱ्यांदा मागायला जीव होत नाही. आणखी किती पाठ केल्या म्हणजे अर्धा बँड वाढेल? वहीची दोन पानं आणि माझा एक निबंध सोबत जोडते.
– एक नर्स, मिरज

प्रिय मुली,

तू मला 'बाई' म्हणून लिहिलंस, म्हणून मीही सरळ 'तू' म्हणते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: आणखी एकही नाही. उरलेल्या १६० पाठ करू नकोस, आणि झालेल्या १४० निबंधात पेरणं आजपासून थांबव. तुझा अर्धा बँड त्या वहीत नाही. तो कुठे अडकलाय ते तुझा निबंध तीनदा वाचल्यावर मला बऱ्यापैकी दिसलं, आणि तो फार लांब नाही.

आधी हा बँड बनतो कसा ते बघ. रायटिंगचा पेपर ६० मिनिटांचा. टास्क १ किमान १५० शब्दांचं. तू ॲकॅडमिक देतेस, म्हणजे आलेख, तक्ता किंवा एखादी प्रक्रिया. टास्क २ म्हणजे निबंध, किमान २५० शब्दांचा. निबंधाचं वजन दुप्पट, म्हणून ४० मिनिटं त्याला ठेवायची. निबंध तपासताना चार गोष्टी बघतात आणि चारींना सारखंच माप: विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलंय का, मुद्दे एकमेकांना धरून आहेत का, शब्दसंपत्ती, आणि व्याकरण. म्हणजे रुपयातले चार आणे शब्दसंपत्तीचे. इडियम्स हा त्या चार आण्यांतलाही एक तुकडा. त्या तुकड्यापायी तू तीन महिने रात्री जागवल्यास आणि बारा आणे तसेच पडून राहिले.

तुझे सर तुला फसवत नाहीत, हे मला आधी सांगायचंय. शब्दसंपत्तीच्या वरच्या बँडचं वर्णन करताना 'आयडिओमॅटिक' हा शब्द खरोखरच वापरलेला आहे. ते निकष छापील आहेत, कुणालाही बघायला मिळतात. सरांनी तो शब्द वाचला आणि त्यांना 'इडियम' आठवली असणार. क्लासाक्लासांत हेच झालेलं मी पाहिलंय. पण 'आयडिओमॅटिक' म्हणजे इडियम्सनी भरलेलं नव्हे. ती भाषा ज्याची आहे त्याच्या तोंडी जे सहज बसतं, ते. त्याच ओळींत शेजारी आणखी दोन शब्द आहेत, 'स्टाइल' आणि 'कोलोकेशन'. कुठे काय शोभतं ती स्टाइल, आणि कोणता शब्द कोणत्या शब्दाबरोबर नांदतो ते कोलोकेशन. तिन्ही शब्द एका दमात वाचले की परीक्षकाला काय हवंय ते कळतं.

मराठीतून बघ, लगेच पटेल. आपल्याला भूक लागते, ताप येतो, घाम फुटतो. झोप लागते पण जांभई येते. राग येतो, तो आपण दुसऱ्यावर काढतो, मनात धरतो, कधी गिळतो. शपथ घेतात आणि शपथ घालतातही, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. यात एकही म्हण नाही. शाळेत कुणी आपल्याला ही यादी दिली नव्हती. पण बाहेरून आलेला एखादा डॉक्टर 'तुम्हाला ताप लागला का?' म्हणाला, तर पेशंट समजून घेतो आणि मराठी ह्यांची नव्हे हेही समजतो. तोच डॉक्टर वर्षभराने 'अंग मोडून आलंय का?' असं विचारतो तेव्हा कॉटवरची म्हातारी चमकून वर बघते. त्या म्हातारीला जे वाटतं ना, ते परीक्षकाला वाटायला हवं. सात बँड म्हणजे तेच.

आणि आता उलट बाजू घे. तू जतची, टँकरचं तुला मी काय सांगू. समजा गावच्या टँकरसाठी तहसीलदारांना अर्ज लिहायचाय आणि लिहिणाऱ्याने पहिल्या तीन ओळींत 'आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास', 'दुष्काळात तेरावा महिना' आणि 'तहान लागल्यावर विहीर खोदणे' अशा तिन्ही म्हणी घातल्या. तिन्ही अस्सल आहेत, दोन तर दुष्काळाशी-पाण्याशीच नातं सांगणाऱ्या आहेत. तरी अर्ज बिघडला. तिथे गावात किती घरं, किती विहिरी आटल्या, शेवटचा टँकर कोणत्या तारखेला आला, एवढंच हवं. आयल्ट्सचा निबंध हा त्या अर्जाच्या जातीचा आहे. मत मांडायचं, कारण द्यायचं, उदाहरण द्यायचं. गप्पांना बसल्यावर ज्या म्हणी जेवणातल्या लोणच्यासारख्या लागतात, त्या अर्जात घुसल्या की वाचणाऱ्याला शंका येते की ह्याला म्हणायचं आहे तरी काय.

तू लिहिलंस की वाक्य अवघडल्यासारखं होतं. तुझा कान बरोबर सांगतोय, आणि ते का होतं हे मला नीट सांगायचंय, कारण वहीच्या त्या दोन पानांतच त्याचं कारण आहे. डाव्या बाजूला इडियम, उजव्या बाजूला एका शब्दात अर्थ. 'किक द बकेट' आणि समोर 'मरणे'. बस. आता तू सांग, मराठीत मरण्याला किती शब्द आहेत? वारले, निधन झालं, देवाज्ञा झाली, गेले, दगावला, खपला, गचकला. केसपेपरवर तू एक लिहितेस, नातेवाइकांना बाहेर येऊन दुसरं सांगतेस, आणि ह्यातला एक शब्द तर कुणाच्या बाबतीत तोंडातून काढायचा नसतो. 'किक द बकेट' हा त्या 'गचकला'च्या अंगाचा आहे. थट्टेतला. उद्या इंग्लंडमधल्या वॉर्डात एखाद्या बाईला तिचा नवरा गेल्याचं सांगताना तो तुझ्या तोंडून निघाला तर काय होईल, ह्याची कल्पना कर. तुझ्या वहीत अर्थ आहे पण रंग नाही. रंग न कळता वापरलेला शब्द म्हणजे लेबल न वाचता दिलेलं इंजेक्शन.

आमच्या सांगलीचंच उदाहरण देते. हरिपूर तुला माहीत असेल, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं. तिथे हळद साठवायला जमिनीत पेवं असत. वर तोंड अरुंद, आत खोल पोकळी. हळद भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचं. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच बुडाली. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार असल्याच पेवावरून आला. कोंडलेला माल एकदम बाहेर पडावा तसं एखाद्या गोष्टीचं उदंड पीक येणं. शब्दकोशात अर्थ मिळेल, 'अचानक पुष्कळ होणे'. आता हा अर्थ पाठ करून कुणी लिहिलं, 'आमच्या शाळेत यंदा गुणवत्तेचं पेव फुटलं', तर आपण दचकतो. कारण पेव फुटतं ते क्लासेसचं, बोगस डॉक्टरांचं, फ्लेक्सबोर्डांचं. त्या वाक्प्रचारात नापसंती मुरलेली आहे आणि ती कोशातल्या चार शब्दांत उतरत नाही. ती कानावर पडून पडूनच कळते. इंग्रजीच्या तुझ्या १४० पैकी प्रत्येकीत असं काही ना काही मुरलेलं आहे. म्हणून मी म्हणते, पाठ केलेली इडियम परीक्षेत वापरू नकोस. दहा वेळा वेगवेगळ्या ठिकाणी भेटलेली वापरलीस तर माझी हरकत नाही.

बरं, आपल्याला ह्या म्हणींचं एवढं वेड लागतं कुठून? माझ्या मते दहावीच्या पेपरातून. 'वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.' आपण सगळे त्यातून गेलोय. मराठीच्या निबंधाला सुरुवातीला सुभाषित, शेवटी म्हण किंवा कवितेच्या दोन ओळी, असं वळण आपल्याला शाळेनेच लावलं, आणि त्याला गुणही मिळत. मी त्या वळणाला नावं ठेवत नाही. आपल्या लेखनाला त्याची शोभा आहे. मी स्वतः ते वर्षानुवर्षं शिकवलंय. फक्त इंग्रजीतल्या युक्तिवादाच्या लेखनात तशी शोभा मागत नाहीत. तिथे तीच ओळ 'हजारदा ऐकलेली' म्हणून खाली जाते.

आता तुझा निबंध. विषय होता: सरकारने आजार बरे करण्यापेक्षा आजार टाळण्यावर जास्त पैसा खर्च करावा, ह्याच्याशी तुम्ही कितपत सहमत आहात? नर्सला ह्याहून सोपा विषय मिळणार नाही. तू ३१२ शब्द लिहिलेस. सुरुवात 'प्रिव्हेन्शन इज बेटर दॅन क्युअर'. दुसऱ्या परिच्छेदात 'एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स' आणि 'हेल्थ इज वेल्थ'. पुढे 'ॲन ॲपल अ डे कीप्स द डॉक्टर अवे', मग 'लास्ट बट नॉट द लीस्ट', आणि समारोपाला पुन्हा 'प्रिव्हेन्शन इज बेटर दॅन क्युअर'. सहा पुऱ्या झाल्या. पण विचारलं होतं 'कितपत सहमत', आणि तुझं मत मला शेवटच्या ओळीपर्यंत सापडलं नाही. तिथेही ते म्हणीच्या पदराआड उभं आहे. 'नाण्याला दोन बाजू असतात' म्हटल्यावर तू दोन्ही बाजूंना थोडं थोडं लिहिलंस आणि कुठल्याच बाजूला उभी राहिली नाहीस. हे शब्दसंपत्तीचं नुकसान नाही, पहिल्या निकषाचं आहे. प्रश्न 'डिस्कस बोथ व्ह्यूज' म्हणतो तेव्हा दोन्ही बाजू लिहायच्याच. 'टु व्हॉट एक्स्टेंट' म्हणतो तेव्हा तुझी बाजू पहिल्या परिच्छेदातच सांगायची आणि शेवटपर्यंत तीच लढवायची.

आणि ह्या सगळ्यात, तिसऱ्या परिच्छेदात, एक वाक्य आहे. ते वाचून मी थांबले. 'मेनी पेशंट्स कम टु अवर वॉर्ड ओन्ली व्हेन द वूंड ऑन द फूट हॅज टर्न्ड ब्लॅक.' पायाची जखम काळी पडल्यावरच पुष्कळ पेशंट आमच्या वॉर्डात येतात. मुली, हे वाक्य ६ बँडचं नाही. त्यात इडियम नाही, अवघड शब्द नाही, आणि ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. 'हॅज टर्न्ड ब्लॅक' हेच ते 'आयडिओमॅटिक'. तू 'बिकेम ब्लॅक कलर' लिहिलं नाहीस, कारण वॉर्डातल्या नोट्समध्ये तू ते वाचलेलं आहेस. पण लगेच पुढच्या ओळीला तू ते सोडून सफरचंदाकडे गेलीस. तिथेच थांबायला हवं होतं. पुढचं वाक्य: त्यांना मधुमेह आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं, कारण त्यांची साखर कुणी कधी तपासलीच नव्हती. 'दे डिड नॉट नो दे हॅड डायबिटीस, बिकॉज नो वन हॅड एव्हर टेस्टेड देअर ब्लड शुगर.' त्याच्या पुढचं: वर्षाला एकदा रक्त तपासण्याच्या मानाने पाय कापण्याचा खर्च कितीतरी जास्त, सरकारलाही आणि घरालाही. 'ॲन ॲम्प्युटेशन कॉस्ट्स फार मोर दॅन अ ब्लड टेस्ट एव्हरी इयर, बोथ फॉर द स्टेट अँड फॉर द फॅमिली.' झाला परिच्छेद. मुद्दा, कारण, उदाहरण, परिणाम. असे दोन परिच्छेद आणि आगेमागे छोटी सुरुवात-समारोप, की २७० शब्द होतात. ३१२ ची गरजच नाही. वाचलेली पाच मिनिटं चुका शोधायला ठेव.

चुका म्हटलं की बारा आण्यांतला मोठा हिस्सा आला. तुझ्या चुका आळसाच्या नाहीत. मराठीत विचार करून शब्दाला शब्द ठेवल्याच्या आहेत. म्हणूनच त्या मोजक्या आहेत आणि पकडता येतात. तू लिहिलंस 'आर सफरिंग फ्रॉम डायबिटीस सिन्स टेन इयर्स', कारण आपण म्हणतो 'दहा वर्षांपासून त्रास आहे'. इंग्रजीला तिथे 'हॅव हॅड डायबिटीस फॉर टेन इयर्स' लागतं. तू लिहिलंस 'गिव्ह अटेन्शन ऑन', कारण आपण कशावर तरी लक्ष देतो. इंग्रज लक्ष 'पे' करतो, आणि 'ऑन' नाही, 'टु'. आपण परीक्षा देतो, ते 'टेक' करतात. आपण जागृती करतो, ते 'रेझ' करतात. आपण विषयाबद्दल चर्चा करतो म्हणून तुझ्या निबंधात दोनदा 'डिस्कस अबाउट' आलंय. तिथे 'अबाउट' लागतच नाही. आणि 'अ', 'ॲन', 'द'. मराठीत ह्या तिघांना जागाच नाही, त्यामुळे आपल्याला ते मिठासारखे चवीने टाकायचे असतात असं वाटतं. तुझ्या एका पानावर मी नऊ ठिकाणी लाल खूण केली आहे. 'गव्हर्मेंट'च्या आधी 'द' नाही, आणि 'द हेल्थ', 'द एज्युकेशन' जिथे नको तिथे आहे. हे एवढं सुधारलंस तरी व्याकरणाच्या निकषात परीक्षकाचं मत बदलायला लागेल.

तर वही फेकू नकोस, उलटी कर आणि मागच्या बाजूने नव्याने सुरुवात कर. ह्या वेळी यादी आयती घ्यायची नाही, वेचायची. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेचं, एनएचएसचं, संकेतस्थळ फोनवर उघड. तिथे प्रत्येक आजारावर सामान्य माणसासाठी लिहिलेलं पान आहे, आणि ते मुद्दाम साध्या इंग्रजीत लिहिलेलं असतं. लघवीला आणि शौचाला ते लोक घरात वापरतात तेच शब्द तिथे सापडतील. रोज एक पान, सांगली-मिरज बसमध्ये बसल्या बसल्या. आजार तुला माहीतच आहे, त्यामुळे सगळं लक्ष शब्द कसे जोडीने चालतात ह्याकडे राहील. 'रिड्यूस द रिस्क ऑफ', 'लीड टु कॉम्प्लिकेशन्स', 'मॅनेज युअर डायबिटीस', 'गेट अ डायग्नोसिस'. अशी जोडी दिसली की सुटा शब्द न उतरवता अख्खं वाक्य उतरव आणि खाली त्याच जोडीचं तुझ्या वॉर्डातलं एक वाक्य लिही. दिवसाला तीनच. चौथी दिसली तरी सोडून दे, ती परत भेटते. आरोग्याच्या जोड्या शिक्षण, वाहतूक, पर्यावरण सगळीकडे चालतात. धोका कमी करणं आणि गुंतागुंत होणं फक्त हॉस्पिटलात होत नाही. महापुरावर लिहायची वेळ आली तर २०१९ चं पाणी सांगलीने डोळ्यांनी पाहिलंय, तिथेही 'रिड्यूस द रिस्क ऑफ फ्लडिंग'च लागतं.

आठवड्याला एक निबंध घड्याळ लावून, ४० मिनिटांत. सगळ्यात आधी पाच मिनिटं कागदावर मराठीत: माझं मत काय, का, आणि मी स्वतः काय पाहिलंय. हो, मराठीत. मत ठरवताना भाषेशी झगडायचं नसतं. फक्त वाक्यं बांधताना मराठी बाजूला ठेव.

वही फेकू नको असं मी म्हणाले त्याचं खरं कारण आता सांगते. परीक्षेच्या निबंधाला त्या इडियम्सचा उपयोग नाही, पण तुला इंग्लंडमध्ये पोचल्यावर त्यांच्याशिवाय एक पाळीही काढता येणार नाही. तुझ्याकडे आत्ता पेशंट येतो तेव्हा तो काय म्हणतो? पोटात कालवतंय. जीव घाबरा झालाय. पायात गोळे येतात. हाताला मुंग्या येतात. पुस्तकातलं लक्षण कुणी सांगत नाही. तिकडचा म्हाताराही सांगणार नाही. तो म्हणेल 'पिन्स अँड नीडल्स', टाचण्या आणि सुया, आणि त्याला म्हणायचं असेल हाताला मुंग्या येताहेत. 'अंडर द वेदर' म्हणाला तर बरं वाटत नाहीये. 'आय फील सिक' म्हणाला तर बहुतेक त्याला मळमळतंय, उलटीची ट्रे हातात घेऊन जा. आपण 'सिक' म्हणजे नुसतं आजारी समजतो, आणि तेवढ्यात चादर बदलायची वेळ येते. 'अ फ्रॉग इन माय थ्रोट', घशात बेडूक, म्हणजे घसा धरलाय. एखादी आजी हळूच 'स्पेंड अ पेनी' म्हणाली तर तिला पैसे नकोत, बाथरूमला जायचंय; पूर्वी सार्वजनिक शौचालयात जायला तिथे एक पेनी पडायची, त्यावरून ते आलं. लाजून बोलणाऱ्या आजीचं ते वाक्य कळलं नाही, तर ती दुसऱ्यांदा सांगणार नाही. तुझ्या ३०० पैकी अंगाशी, दुखण्याशी, झोपेशी, भीतीशी नातं असलेल्या तेवढ्या वेगळ्या काढ. त्या कानासाठी ठेव. आधी ऐकून कळू देत. मग हळूहळू तोंडात येतील. स्पीकिंगच्या परीक्षेत सहज आली एखादी तर येऊ दे, तिथे बोलण्याचाच बाज असतो.

हे कसं घडतं ते तुला नवीन नाही. मिरजेत कर्नाटकातून केवढे पेशंट येतात. 'होट्टे नोवु' म्हणजे पोट दुखतंय, हे तू कुठल्या वहीतून पाठ केलंस? कुणीतरी पोट धरून म्हणालं, तू पाहिलंस, दुसऱ्या दिवशी तूच विचारलंस. कन्नड व्याकरण तुला येत नसेल, पण ते दोन शब्द तू कधी चुकीच्या जागी वापरणार नाहीस.

एक व्यवहाराची गोष्ट, कारण तू वडिलांच्या पैशाचं लिहिलंस. तिकडच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला आयल्ट्सच्या जागी ओईटी ही परीक्षाही चालते. ती आरोग्यक्षेत्रातल्या लोकांसाठीच आहे. रायटिंगला सी प्लस आणि बाकी तिन्हीला बी लागतो. तिथे निबंध नसतो. पेशंटच्या केस नोट्स देतात, ५ मिनिटं वाचायला आणि ४० लिहायला, आणि त्यावरून साधारण १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं, रेफरलचं किंवा डिस्चार्जचं वगैरे. तू हे काम रोज करतेस. पण फी आयल्ट्सपेक्षा बरीच जास्त आहे, आणि तुझी तीन विषयांतली ७ ची तयारी आयल्ट्सची आहे. तुझ्या जागी मी असते तर दोन महिने वर सांगितल्याप्रमाणे लिहिलं असतं, मग आयल्ट्स तिसऱ्यांदा दिली असती, आणि तेव्हाही अडलं तरच ओईटीकडे वळले असते. तारीख आत्ता बुक करू नकोस. सलग चार निबंध चाळीस मिनिटांत, पूर्ण, आणि 'द'च्या चुका पानाला तीनच्या खाली, असे झाले की कर. क्लास सोडायचीही गरज नाही. सरांना हे पत्र दाखव. टास्क १ चे आलेख ते चांगले शिकवत असतील तर तेवढं त्यांच्याकडून घे.

आणि तोच निबंध पुन्हा लिही. विषय तोच, आजार टाळण्यावर खर्च. पहिल्या ओळीत तुझं मत, दुसऱ्या परिच्छेदात तो काळा पडलेला पाय, आणि तिसऱ्यात नाइट ड्युटीला तू पाहिलेली, वेळेत तपासणी झाली असती तर टळली असती अशी दुसरी एखादी केस. पेशंटचं नाव अर्थातच नको. एकही म्हण घालू नकोस. मला पाठव. लाल पेन घेऊन बसते.

– तुझी,
बाई